मे महिन्यातही चालेल असा गेमिंग कॉम्प्युटर

निकाल हाती आला, टक्के बरे पडले, की अकोला-अमरावतीकडच्या आपल्या घरांतून हल्ली एक ठरलेली मागणी येते: गेमिंग कॉम्प्युटर. पोट्टे नुसते मागत नाही, फोनवर तयार यादीच काढून दाखवते. प्रोसेसर हा, कार्ड ते, पुढून काचेचे कॅबिनेट आणि आत सात रंगांचे दिवे. अब्बूंना त्यातला सगळ्यात खालचा आकडा तेवढा समजतो. अम्मी विचारतात, यावर अभ्यास होतो की नाही? मग एकतर साफ नकार मिळतो, नाहीतर दुकानदार जोडून देईल तो डबा घरी येतो. साठ ते ऐंशी हजारांत सुटे भाग समजून घेऊन धड कॉम्प्युटर कसा जोडून घ्यावा, ते या वेळी पाहू.

मुलांच्या याद्या चुकीच्या नसतात. त्या फक्त दुसऱ्या गावच्या हवेसाठी केलेल्या असतात. ज्या व्हिडिओंवरून त्या उतरवल्या जातात, त्यांतली यंत्रे बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलीत तपासलेली असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश ही नेहमीची गोष्ट, आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी खोलीतच ४० अंश. हिशेब सोपा आहे. खोली जितक्या अंशांनी जास्त तापलेली, साधारण तितक्याच अंशांनी आतले भागही जास्त तापतात. व्हिडिओत ७० अंशांवर दिसणारे कार्ड वऱ्हाडच्या दुपारी ८५ वर जाते. रायझन ५ ७६०० या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. मर्यादा जवळ आली की आजची यंत्रे जळत नाहीत, आपला वेग उतरवतात. म्हणजे जादा वेगासाठी जादा पैसे मोजले आणि उन्हाळ्याच्या सुटीत, मुले सगळ्यात जास्त खेळतात तेव्हाच, तो वेग मिळाला नाही.

म्हणून आमचे मत असे की यादी खालून वर वाचावी. ज्या दोन गोष्टी सगळ्यात शेवटी आणि उरलेल्या पैशांत घेतल्या जातात, त्या एसएमपीएस आणि कॅबिनेट आधी ठरवाव्यात.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी पुरवणारी पेटी. दुकानात कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट मिळणारी, वर ‘४५० वॅट’ असे छापलेली पेटी सरळ नाकारावी. ती बिघडते तेव्हा एकटी जात नाही, मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेऊ शकते. ‘८० प्लस ब्राँझ’ शिक्का असलेली ५५० वॅटची, पाच वर्षांच्या वॉरंटीची पेटी आपल्या बजेटला पुरते. ब्राँझ म्हणजे निम्म्या भारावर ८५ टक्के वीज कामी येते आणि बाकीची उष्णता होऊन जाते. पण शिक्क्यापेक्षाही खोक्यावरच्या दोन ओळी आपल्यासाठी महत्त्वाच्या आहेत, आणि त्या कोणी वाचत नाही. पहिली, इनपुट व्होल्टेज. काही पेट्यांवर १००-२४० व्होल्ट लिहिलेले असते, काहींवर २००-२४०. ज्या मोहल्ल्यात संध्याकाळी सगळ्यांचे कूलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होऊन दिवे मंदावतात, तिथे दुसरी पेटी घेणे म्हणजे रोज परीक्षा. पहिलीच घ्यावी. मग वेगळ्या स्टॅबिलायझरचीही गरज राहत नाही. दुसरी ओळ, ही पेटी पूर्ण वॅट किती तापमानापर्यंत देते. काही कंपन्या ४० अंशांवर मोजून देतात, काही ५० अंशांवर. पुण्यात हा फरक कागदावरचा असेल, अकोल्यात नाही.

कॅबिनेट घेताना पुढची बाजू पाहावी. पुढे पूर्ण काच म्हणजे उन्हाळ्यात खिडकी बंद करून बसणे. पुढे जाळी हवी, जाळीच्या आत धूळ अडवणारी आणि सहज निघणारी गाळणी हवी, पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक. रंगीत दिव्यांना आमचा विरोध नाही, मुलांची हौस असते. पण दिव्यांचे हजार-दीड हजार एसएमपीएसच्या पैशांतून काढले जाणार असतील तर दिवे नकोत.

धुळीचे आपल्याकडे एक वेगळेच प्रकरण आहे. हा कापसाचा मुलुख. जिनिंग जवळ असेल, किंवा घरात गाद्या-रजयांचे काम असेल, तर हवेतली रुई पंख्यांत आणि कार्डाच्या पत्र्यांत जाऊन नमद्यासारखी बसते. दोन महिन्यांतून एकदा, उन्हाळ्यात महिन्याला, मशीन बंद करून वायर काढून अंगणात ब्लोअर मारावा. मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, हवेने ते भन्नाट फिरू देऊ नये. आणि कॉम्प्युटर कूलरच्या थेट झोतात कधीही ठेवू नये. कूलरने खोली थंड होते, त्याचा यंत्राला फायदाच आहे. पण गवत नवे असताना झोतातून पाण्याचे बारीक तुषार येतात. कूलर एका भिंतीला, कॉम्प्युटर दुसऱ्या.

खोलीचा विषय निघालाच आहे तर. मुलाला तो आपल्या वरच्या खोलीत हवा असतो. वरची खोली घरातली सगळ्यात तापणारी, आणि दार लावून इशानंतर किती वाजेपर्यंत खेळ चालतो हे न कळणारीही. खालच्या बैठकीत ठेवला तर दोन्ही प्रश्न मिटतात. मुलाला मात्र तापमानाचे कारण सांगावे, ते लवकर पटते.

विजेचे आणखी एक काम दुकानात जाण्याआधी घरी करायचे आहे. इलेक्ट्रिशियन बोलावून त्या बोर्डाची अर्थिंग तपासून घ्यावी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होत असेल तर अर्थिंग नाही असे बहुधा समजावे. जुन्या वाड्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला वायरच नसते. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून जेमतेम साडेतीनशे वॅट मिळतात. आपल्या यंत्राला खेळताना मॉनिटरसह अडीचशेच्या आसपास लागतील. म्हणजे तो पुरेल, पण पाच-दहा मिनिटेच, काम सेव्ह करून बंद करण्यापुरता. तेवढ्यासाठीच तो असतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस’ असे बटण असते, ते चालू ठेवावे. नाहीतर वीज गेल्यावर इन्व्हर्टर जागा होईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडलेला असतो. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर नव्या चांगल्या एसएमपीएस कधी कधी कुरकुर करतात. तो साइन वेव्हचा असेल तर उत्तम. जूनच्या सुरुवातीला गडगडाट सुरू झाला की मात्र कुठल्याही उपकरणावर विसंबू नये. प्लग काढावा, इंटरनेटची केबलही काढावी.

एवढे झाल्यावर ज्या भागावर मुलांचा जीव असतो तिकडे वळू. ग्राफिक्स कार्ड आधी ठरवून मग त्याला साजेसा मॉनिटर शोधला जातो. उलट करावे. पडद्यावर जितके ठिपके, तितके कार्डाचे काम. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके. १४४०पी म्हणजे जवळजवळ सदतीस लाख. फोरके म्हणजे त्र्याऐंशी लाख. सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा एवढे ठिपके रंगवायचे. या बजेटमध्ये २४ इंची, १०८०पी, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा थोडा वर, एवढा मॉनिटर घ्यावा आणि पुढचा मोह टाळावा.

त्या पडद्याला आरटीएक्स ४०६०, तिच्या नंतर २०२५ मध्ये आलेले ५०६० किंवा आरएक्स ७६००, यांतले कुठलेही पुरते. तिघांची मेमरी ८ जीबी. आजच्या १०८०पी खेळांना ती चालते, काही नव्या भारी खेळांत सेटिंग थोडी उतरवावी लागते. ४०६० ची कमाल वीज ११५ वॅट, ५०६० ची १४५, ७६०० ची १६५. दुकानात हा आकडा कोणी सांगत नाही, पण कार्डाने खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणून येतो. भाव सारखा असेल तर कमी वॅटचे कार्ड घ्यावे. घरात कोणी लग्नांचे व्हिडिओ एडिट करत असेल, बहीण ॲनिमेशन शिकत असेल, तर एनव्हिडियाचे बरे. ब्लेंडरसारखी सॉफ्टवेअर त्यावर जास्त चांगली चालतात. एकूण पैशांतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कार्डाला जातो, तो जाऊ द्यावा. मुलगा फक्त व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणार असेल तर मात्र एवढे कार्ड अर्धे झोपूनच राहील. तिथे प्रोसेसर जास्त राबतो.

प्रोसेसरमध्ये सहा कोरचा कुठलाही अलीकडचा चालेल: इंटेलचा कोअर आय५ १२४००, एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा ७६००. इथे आम्हाला एका अक्षराबद्दल बोलायचे आहे. १२४०० आणि १२४००एफ यांत एफवाला थोडा स्वस्त पडतो, म्हणून सगळे तोच सुचवतात. एफ म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतःचे ग्राफिक्स नाही, पडद्यावर चित्र फक्त वेगळ्या कार्डातूनच येणार. मुंबईत कार्ड बिघडले तर माणूस लोकलने सर्व्हिस सेंटरला जाऊन येतो. आपल्याकडून ते नागपूर नाहीतर मुंबईला कुरियरने जाते आणि परत यायला आठवडे लागतात. तेवढे दिवस एफवाला कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा. त्यात आपाचे ऑनलाइन क्लास, अर्ज, अब्बूंचे दुकानाचे हिशेब, सगळे अडकते. ५६०० मध्येही आतले ग्राफिक्स नाही. ७६०० मध्ये खेळापुरते नसले तरी कामापुरते आहे. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने हे थोडे जास्तीचे पैसे द्यावेत, असे आम्हाला ठामपणे वाटते.

७६०० ज्या बैठकीवर बसतो ती एएम५. ती २०२२ मध्ये आली आणि निदान २०२७ पर्यंत तिच्यासाठी नवे प्रोसेसर देऊ असे एएमडीने सांगितले आहे. म्हणजे चार वर्षांनी मदरबोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येईल. त्याला डीडीआर५ रॅम लागते, आणि इथेच सध्या दुखणे आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले, त्याची झळ आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत आली. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये डीडीआर४ ची चांगली रॅम पडून असेल तर १२४०० आणि डीडीआर४ चा मदरबोर्ड घेऊन ती वापरावी. दोन्ही रॅम एकमेकींच्या खाचेत बसत नाहीत, त्यामुळे हे आधीच ठरवावे लागते. आणि १६ जीबी घ्यायची तर एक स्टिक न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन असल्या की प्रोसेसर दोन्हीकडून एकदम माहिती ओढतो. बाकी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, बी मालिकेचा साधा मदरबोर्ड. यांवर जास्त विचार करण्याची गरज नाही.

पैशांचे कसे? दुकानात आणि ऑनलाइन ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते. त्यात अनेकदा बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर व्याज दिसते, त्या व्याजावर जीएसटी दिसतो, वर प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. आपल्या घरांत हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नसतो, हे वेगळे सांगायला नको. सुट्या भागांच्या कॉम्प्युटरची मोठी सोय हीच की तो टप्प्याटप्प्याने घेता येतो. लॅपटॉपचे तसे नाही. पहिल्या वर्षी रायझन ५ ८६००जी घ्यावा, ज्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे, सोबत मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, मॉनिटर, आणि एसएमपीएस मात्र पुढच्या कार्डाचा विचार करून आत्ताच ५५० वॅटची. व्हॅलोरंटसारखे हलके खेळ त्यावर कमी-मध्यम सेटिंगला चालतात. पोटातले ग्राफिक्स रॅमच उसनी घेते, म्हणून इथे दोन स्टिक हव्याच. पुढच्या वर्षी भिशी उठली किंवा ईदी-बक्षिसांचे जमले की कार्ड लावायचे. यात एक तोटा आहे, तो सांगतो. कार्ड लावल्यावर ८६००जी हा ७६०० पेक्षा खेळांत थोडा मागे पडतो, कारण त्याची आतली कॅश मेमरी निम्मी आहे. उधारी न करता वर्षभर आधी खेळायला मिळाले, त्याची ही किंमत. आम्हाला ती जास्त वाटत नाही.

खरेदी कुठे करावी? अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. सीताबर्डीवर जास्त माल, जास्त पर्याय. मुंबईचे लॅमिंग्टन रोड तर या धंद्याचे जुने पेठच. संध्याकाळी अमरावती एक्सप्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई, आणि ग्रँट रोड स्टेशनपासून बाजार पायी अंतरावर. पण जाण्यायेण्याचा खर्च धरल्यावर दोन-तीन हजारांच्या फरकासाठी आम्ही तिकडे पाठवणार नाही. एकाच दिवशी तीन ठिकाणांहून मॉडेल क्रमांकासह लेखी भाव मागवावेत. नुसते ‘५५० वॅट एसएमपीएस’ किंवा ‘१६ जीबी रॅम’ असे लिहून दिले तर परत पाठवावे, कंपनी आणि मॉडेल मागावे. मग आपल्या गावच्या दुकानदाराला ते दाखवून बोलावे. बाहेरून आणायचेच असेल तर जोडलेले मशीन बसने आणताना जड ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवावे आणि घरी लावावे. अकोल्यापर्यंतच्या खड्ड्यांत लटकते कार्ड आपली खाच मोडून टाकू शकते.

बिल न घेतल्यास १८ टक्के वाचतील, असे कोणी म्हणेल. जीएसटी बुडवणे तर आहेच, वर वॉरंटीही गेली. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक लिहून घ्यावा. सेकंडहँड कार्ड घेताना तर हा क्रमांक आणि जुने बिल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग थांबले आणि वर्षानुवर्षे रात्रंदिवस राबवलेली कार्डे बाजारात आली. त्यांतली काही अजून फिरत आहेत, पुसून-चमकवून.

महिन्याचा खर्चही घरात आधी बोलून घ्यावा. अडीचशे वॅट, रोज चार तास, म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला तीस. महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांवर टप्पा बदलतो. उन्हाळ्यात कूलरमुळे २८० पर्यंत जाणारे घर या तिसांनी तीनशेची रेघ ओलांडते, आणि वरची युनिटे महागड्या दराने लागतात. परीक्षेच्या महिन्यांत दोन तास, सुटीत चार, असे मुलाशीच ठरवले की निम्मी भांडणे टळतात.

आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी: मुलाच्या गेमिंग खात्यात अब्बूंचे एटीएम कार्ड सेव्ह करायचे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. पण खेळांच्या आत बंद पेट्या असतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये पेटी उघडायला किल्ली विकत घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर. मुलाला ती नुसती बंदुकीची रंगरंगोटी वाटते. जुगाराशी तिचे साम्य काय, हे घरातल्या मोठ्याने समजावून सांगावे.

मशीन जोडून झाले की दुकानातून निघण्याआधी अर्धा तास तिथेच एखादा भारी खेळ चालवून तापमान पाहावे. विंडोज ११ आणि त्याचा परवाना बिलात आहे ना, तेही पाहावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून मोफत सुरक्षा अपडेट देणे बंद केले आहे. घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी. ही चूक इतकी होते की लोक वर्षभर कार्डाला नावे ठेवत बसतात. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः १४४ वर न्यावा. नाहीतर १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत राहतो.